दोनशे वर्षांचा भाडेकरू

५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
भुंग्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझा आवाज बसल्याचं वाचलं. आई म्हणाली, धाकटीचा आवाज बसला म्हणजे छापखान्याच्या मालकाला आठ दिवस विश्रांती. कामगारांच्या सभेत किती बोललीस गं? की बाकीच्या वक्त्यांच्या वाट्याचंही बोलून टाकलंस?

इकडे लाँड्री जोरात आहे. आईचा खांदा इस्त्रीनं धरलाय, म्हणून शाळा सुटल्यावर काउंटर मी बघते. वरची खोली अखेर भाड्यानं गेली. भाडेकरू हॉस्पिटलात एक्स-रे काढतो, कायमची रात्रपाळी. दिवसभर काळे पडदे ओढून झोपतो, दिवेलागणीला खाली उतरतो, आणि चेहरा असा पांढरा की तो कुठला आणि त्याचा इस्त्रीचा कोट कुठला ते कळू नये. मैत्रिणीला म्हटलं, हा नक्की व्हॅम्पायर. ती म्हणाली, मग कोटावर रक्ताचे डाग कसे नाहीत? म्हटलं, जेवताना व्यवस्थित असेल!

त्यावरूनच सुचलं. मी कादंबरी लिहितेय. नायिका सोळा वर्षांची, माझ्याएवढी. नायक व्हॅम्पायर, वय वर्षं दोनशे, पण दिसायला देखणा. व्हॅम्पायरांचा एक नियम असतो, बोलावल्याशिवाय त्यांना कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. पहिलं प्रकरण सोबत. दुनियेची मुद्रितं तपासतेस, आता भाचीचं तपास. तांबडी शाई हवी तेवढी सांड, पण एखाद्या ठिकाणी 'छान' असंही लिही.

माया आहे तेवढी असू दे, थोडी जास्त आली तरी ठेवून घेईन.

तुझी,
भुंगा


१४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

प्रकरण एका बैठकीत वाचलं. एका ठिकाणी 'छान' लिहिलंय, शोध म्हणजे सापडेल.

आता भांडण. तुझी नायिका खिडकीत बसून उसासे टाकते. तो येईल का, तो बघेल का, तो नेईल का? ती काय सामान आहे, कुणी उचलून न्यायला? बाईचा निर्णय बाईनं घ्यावा हे सांगता सांगता माझा घसा फाटला, आणि माझ्याच भाचीची नायिका वाट बघत बसलीय! तुझ्या त्या नियमाकडे बघ जरा. बोलावल्याशिवाय त्याला आत येता येत नाही. म्हणजे सगळी सत्ता त्या पोरीच्या हातात. एवढी मोठी गोष्ट तू दोन ओळींत उरकलीस. पहिला शब्द तिला बोलू दे.

दुसरं, तुझा व्हॅम्पायर अगदीच पुठ्ठ्याचा आहे. देखणा आणि उदास, बस्स. आजूबाजूची जिवंत माणसं बघ. ती कशी बोलतात, कशी गप्प बसतात, काय लपवतात. त्यातून उचल.

ताईला म्हणावं खांदा शेक, माझ्यावर विनोद नंतर कर. पुढचं प्रकरण येईपर्यंत माझं चित्त तुझ्या पानांत.

तुझी,
मावशी


३० एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. पाचवं आणि सहावं प्रकरण सोबत आहे. तू म्हणालीस तसंच केलं, पहिला शब्द तीच बोलली. आणि जिवंत माणसाकडून उचललं.

तो काही मागत नाही, मावशी. नुसता जिन्यात थांबतो. म्हणतो, तू सांगितलंस तर थांबेन, नाहीतर जाईन. म्हणतो, तिच्या वयाच्या मुली पोरकट असतात, पण ती तशी नाही, ती आतून मोठी आहे. म्हणून नायिकेनं मैत्रिणीशी बोलणं सोडलंय. तो पित्ताची गोळी घेतो, त्याच्या डब्याची कडी तुटलीय आणि ती त्यानं तारेनं बांधलीय, असे बारकावे घातलेत. ती कुणा गिऱ्हाइकाशी हसून बोलली तर तो दोन दिवस तिच्याशी बोलत नाही. मग तिला माफी मागावी लागते. मागितली की इतका छान हसतो!

आता एक अडलंय. नायिकेनं आईला सांगावं का? तो म्हणतो, सांगितलंस तर मला जावं लागेल, आणि मग माझं जे होईल ते तुझ्यामुळे. तिला झोप लागत नाही. तुला काय वाटतं? अगदी मनापासून सांग.

गणितात घसरले. आईजवळ बोलू नकोस.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
भुंगा


११ मे

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

शाबास! काय झेप घेतलीस गं. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत दोघींना वाचून दाखवलं. एक म्हणाली, घंटा झालेली कळली नाही, ही पोरगी आपल्याला नोकरीवरून काढायला लावणार.

पण कात्री लावलीय. पित्ताची गोळी काढली. दोनशे वर्षं रक्त पचवलेल्या गड्याला पित्त? तारेनं बांधलेला डबाही काढला, व्हॅम्पायर कसला, कारकून वाटतो. दोन दिवसांचा अबोला मात्र ठेवला आणि समासात 'छान' लिहिलं. तिथं तो पहिल्यांदा खरा वाटला.

आईला सांगण्याचा प्रसंग काप. आई आली की तीन पानं रडारड होते आणि कथा तिथंच बसकण मारते. तुझ्या नायिकेला आता कुणाची परवानगी नको. तिला जायचं असेल तर दिवसाढवळ्या, स्वतःची बॅग स्वतः उचलून, पुढच्या दारानं जाऊ दे. मागच्या दारानं पळणारी नायिका मला चालायची नाही.

शेवट लवकर पाठव. गणिताचं ताईला सांगत नाही, पण तूही जरा बघ.

तुझा अभिमान असलेली,
मावशी


२७ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

भुंगा गेली. मंगळवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाइकं असताना, पुढच्या दारानं. हातात बॅग होती. मला वाटलं मैत्रिणीकडे अभ्यासाला चाललीय. मी म्हटलं, येताना निळीची पुडी आण. ती बरं म्हणाली.

संध्याकाळी मैत्रिणीकडे गेले तर ती म्हणाली, काकू, ती माझ्याशी दोन महिने बोलत नाही. वरची खोली रिकामी. पडदेसुद्धा नेलेत. तो माणूस छत्तीस वर्षांचा आहे गं.

उशीखाली तुझी पत्रं सापडली. तुझ्या तांबड्या शाईखाली तिनं पेन्सिलीनं रेघा मारल्यात. आईला सांगण्याचा प्रसंग काप. हे तू लिहिलंस, धाकटे? माझ्या मुलीला? ती तुला विचारत होती आणि तू तिचं शुद्धलेखन तपासत होतीस. जन्मभर उंटावरून शेळ्या हाकल्यास, या वेळी शेळी माझी होती.

पण नुसतं तुला बोलून माझं सुटत नाही. जिन्यावर त्याची पावलं थांबलेली मला खालून ऐकू यायची. मला वाटायचं, रात्रभर उभा असतो, दम लागत असेल.

पोलिसांनी विचारलं, जबरदस्तीनं नेलं का? म्हटलं, नाही, चालत गेली. त्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

तुला भाषणं येतात ना? मग बोल कुणाशी तरी आणि माझी पोर आण. बाकी काय लिहू.

ताई


१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

सापडली. जिवंत आहे, चालतीफिरती आहे. आधी हे वाचून पाणी पी, मग पुढचं वाच.

हॉस्पिटलांतल्या कामगार संघटनांना मी एकेक करून गाठलं. एक्स-रे खात्यात नवा रात्रपाळीचा माणूस कुठं लागलाय, एवढंच विचारत गेले. काल दुपारी खोलीचं दार वाजवलं. तेच काळे पडदे. भर दुपारी दिवा लावून ती त्याचा कोट इस्त्री करत होती. मला बघून हसली आणि तिनं विचारलं, मावशी, शेवट जमलाय का?

ताई, तोही तिथंच खुर्चीत बसला होता. मी त्याला विचारलं, हिला का आणलंस?

तो शांतपणे म्हणाला, मी तिला कधीच बोलावलं नाही, येऊ का म्हणून तिनंच विचारलं, हवं तर तिला विचारा. भुंग्यानं मान डोलावली. ती खोटं बोलत नाही गं, हेच भयंकर आहे. त्यानं काही केलंच नाही, नुसती दारं दाखवली. प्रत्येक दार तिच्या हातून उघडवून घेतलं आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं, आपण किती धीट! ही विद्या त्यानं माझ्या पत्रांतून घेतली नाही, त्याला आधीपासून येत होती. मी फक्त तिच्या बाजूनं कड्या सैल करून दिल्या.

मी तिला पेलाभर पाणी दिलं तर प्यायच्या आधी तिनं त्याच्याकडे बघितलं. तेव्हा मी तिचा हात धरला. सगळी वाक्यं गिळली आणि एवढंच म्हटलं, आईचा हात आता खांद्याच्या वर जात नाही. ती माझ्याबरोबर निघाली. तो अडवायला उठला नाही. खुर्चीत बसूनच म्हणाला, दार उघडंच आहे. असा माणूस मी पाहिला नव्हता.

उद्या दुपारच्या गाडीनं आम्ही दोघी येतो. तिला का गेलीस म्हणून विचारू नकोस. कुणी विचारलं की ती त्याचीच वाक्यं बोलते.

तुझ्या शिव्यांना पात्र,
धाकटी


८ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

गणिताची शिकवणी लावलीय. मैत्रीण परत येते, काही विचारत नाही, नुसती कपड्यांना चिठ्ठ्या लावत बसते. कादंबरी मी फाडली नाही, पण वाचवतही नाही.

काल आईला एका बाईंचं पत्र आलं. तिकडे एका गावात त्यांची वरची खोली आहे. तो तिथं राहायला येणार आहे आणि आधीच्या घरमालकांचा पत्ता म्हणून त्यानं आमचा दिलाय. बघ ना मावशी, त्याला किती खात्री आहे! बाईंनी विचारलंय, माणूस कसा आहे? घरात मी आणि माझी शाळकरी मुलगी दोघीच, म्हणून विचारते.

आई म्हणाली, लिहून टाक, शांत आहे, भाडं चोख देतो. खोटं तर नाही. आपल्या घराचं नाव कशाला चव्हाट्यावर? मग तीच खाली बसली. म्हणाली, मलाही त्याच्या आधीच्या घरमालकिणीनं हेच लिहिलं होतं. तिलाही मुलगी असेल का गं?

उत्तर मी लिहिते म्हटलं. पण काय लिहू? त्यानं फसवलं असं लिहावं तर विचारलं मीच होतं. तुला राग येईल, पण खरं सांगते, अजून दिवेलागणीला मी जिन्याकडे बघते. अशा माणसाबद्दल वाईट लिहायचा मला हक्क आहे का?

कापाकापी न करता उत्तर दे.

तुझी,
भुंगा


१३ ऑक्टोबर

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

राग आला. तुझ्यावर नाही.

तुझ्या पहिल्या प्रकरणाला मी एकच प्रश्न विचारायला हवा होता. हा नायक दोनशे वर्षं जगला, युद्धं बघितली, शहरं बघितली, मग त्याला बोलायला दोनशे वर्षांत एकही मोठी बाई सापडली नाही? दर वेळी सोळा वर्षांचीच का लागते? कारण मोठी बाई त्याला पहिल्याच संध्याकाळी विचारेल, जिन्यात काय करतोस? असल्या गोष्टींमध्ये आपण त्याच्या उदास डोळ्यांवर पानंच्या पानं खर्च करतो आणि हा हिशेब कुणी मांडत नाही. मीही मांडला नाही.

पहिला शब्द कुणाचा, यावर मी जन्मभर बोलले. अर्धंच बोलले. तो शब्द तुझ्या तोंडी येईपर्यंत रोज जिन्यात कोण उभं होतं? मैत्रीण कुणी तोडली? झोप कुणाची गेली? पोरीनं कडी काढली म्हणून बाहेर टपलेला पाहुणा होत नाही. छत्तीस वर्षांच्या माणसानं 'तिनंच विचारलं' म्हणणं हा बचाव नाही, ती त्याची पद्धत आहे.

आणि तू जिन्याकडे बघतेस ना? बघ. त्यासाठी माझी माफी मागायची नाही. पण बघता बघताही खरं लिहिता येतं. हक्क तुझाच आहे. आईचा नाही, माझा तर मुळीच नाही. काय लिहावं ते मी सांगणार नाही.

तू लिहिशील ते मान्य असलेली,
मावशी


१६ ऑक्टोबर

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र आईला आलं. उत्तर मी लिहितेय, कारण त्या भाडेकरूंना तिच्यापेक्षा मी जास्त ओळखते. मी आता सतरा वर्षांची आहे.

ते शांत आहेत. भाडं वेळेवर देतात. आवाज चढवत नाहीत. आमच्या घरी होते तेव्हा त्यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नाही. तरी चार महिन्यांत माझी मैत्रीण गेली, झोप गेली, आईशी बोलणं गेलं, आणि मग मीही घर सोडून त्यांच्यामागे गेले. मावशीनं मला परत आणलं. तिथं मी पाणीसुद्धा त्यांना विचारून पीत होते. यातलं प्रत्येक पाऊल मी आपणहून टाकलं असं मला वाटत होतं.

त्यांना खोली देऊ नका. दिली असेल तर परत घ्या. कारण विचारलं तर माझं पत्र दाखवा, मला चालेल.

आणि आपल्या मुलीला हे लपवून ठेवू नका. तिला वाचायला द्या. कदाचित ती त्यांना एकदा भेटली असेल. ती आपल्यावर चिडेल, माझ्यावर त्याहून चिडेल. म्हणेल, ही मुलगी जळते, तो तसा नाही, तो इतरांसारखा नाही. तसं ती म्हणाली, तर बाई, त्याच दिवशी तिच्या शेजारी जाऊन बसा, आणि तिनं कितीही जा म्हटलं तरी उठू नका.

अनोळखी आहे, तरी विश्वास ठेवावा ही विनंती.

आपली,
आधीच्या घरातली मुलगी