टेपवरची तुझी सही

रविवार, ९ मार्च
कॉलेजचं वर्कशॉप

प्रिय दादा,

मी बरी आहे, जेवते वेळेवर, अभ्यासही चालू आहे. तुझे नेहमीचे तिन्ही प्रश्न झाले. हे पत्र आईच्या पर्समध्ये घालून देतेय, उद्या ती तुझ्याकडे आली की देईल. ती वाचणार नाही, मी चिकटवूनच देतेय. फोन का नाही केला म्हणशील. तीनदा केला. तिन्ही वेळा तू "काय गं चिंगे, जेवलीस का?" म्हणालास आणि मी काहीतरी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

आधी बातम्या. यंदाचा पाण्याखालचा रोबो, म्हणजे आपली नवी पाणकोंबडी, गेल्या वर्षीच्या निम्म्या वजनाची झालीय. टीममधल्या चष्मिसने तिला पाण्याखाली स्वतःहून वळायला शिकवलंय, फक्त ती डावीकडेच वळते. परवा पोहण्याच्या तलावात तिने अख्खा तास गोल गोल चकरा मारल्या आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "विचार करतेय ती." सर काही हसले नाहीत. स्पर्धेला तीन आठवडे उरलेत. मुख्य डबा, म्हणजे तिची सगळी सर्किटं ज्यात बसतात तो, बंद करायचं काम यंदा माझ्याकडे आलं. सगळे म्हणाले, दादाची बहीण आहे, हिच्या हातात ते कसब असणारच. हसावं की रडावं कळेना मला.

आई सांगते, हल्ली तू बाटलीचं झाकण लावलंस की बाटली उलटी करून बघतोस. गॅसचं बटण तीन तीनदा. सांगताना हसते ती, पण ओढूनताणून.

आणि शुक्रवारी सरांकडून कळलं, समुद्राच्या तळाशी सोडायची उपकरणं बनवणाऱ्या त्या प्रयोगशाळेने तुला बोलावलं होतं आणि तू नाही म्हणालास. "माझ्या हातांचा मला भरवसा नाही," असं कळवलंस म्हणे. अरे, नोकरी देणाऱ्याला असं कोण लिहितं! आणि बसलायस कुठे, तर पंपांच्या गोदामात खोकी लावत.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेच्या त्या दिवसाबद्दल लिहायचंय. दोन कागद फाडले. आता सरळच लिहिते.

डबा तू नीट बंद केला होतास, दादा.

झाकणाचं रबरी कडं तू पुसलंस, उजेडात फिरवून बघितलंस, ग्रीस लावलं, झाकण बसवलंस. मग पंपाने आतली हवा ओढून अर्धा तास काट्याकडे बघत बसलास. काटा तसूभर हलला नाही, म्हणजे कुठूनही गळत नव्हतं. मग हवा परत आत सोडून, टीमच्या रिवाजाप्रमाणे सांध्यावर टेप लावून तिच्यावर सही केलीस. सहीची टेप सुटली तर सगळं पहिल्यापासून, हा नियमही कप्तान म्हणून तूच केलेला. तू तोंड धुवायला गेलास आणि मला आठवलं, आत ओल शोषणारी पुडी ठेवायची राहिली. ती नसती तर कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली असती. मी टीममध्ये नवीन होते, माझ्याकडे तेवढं एकच काम होतं रे. तुला सांगितलं असतं तर पुन्हा अर्धा तास, आणि आपला नंबर वीस मिनिटांवर. मी नखाने टेप सोडवली, झाकण काढलं, पुडी टाकली, झाकण दाबलं आणि टेप होती तशी चिकटवली. कडं बघितलं नाही, हवा ओढून तपासलं नाही. तुझी सही जराही फाटली नव्हती. तेव्हा तर मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

चार मीटर खाली गेल्यावर तिचे दिवे विझले. वर काढली तर डब्यात पाणी. परीक्षकांनी चिमट्याने कड्यावरून हिरव्या लोकरीचा धागा उचलला. माझ्या स्वेटरचा. तुला वाटलं, तू डबा बंद करताना मी शेजारी बसले होते, तेव्हाच उडून पडला असणार. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "हिला कुणी काही बोलायचं नाही. धागा कुणाचाही असो, बघायचं काम माझं होतं." झालं. माझी छातीच झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग रोज न सांगणं सोपं होत गेलं, आणि हेच सगळ्यात वाईट.

आज सकाळी सरांना आणि टीमला सांगून टाकलं. चष्मिस अजून माझ्याकडे बघत नाहीये. डब्याचं काम मी सोडलं. सर एवढंच म्हणाले, "मला सांगून काय होणार? ज्याचं आहे त्याला सांग. प्रयोगशाळेतली ती जागा शनिवारपर्यंत रिकामी आहे."

माफ कर लिहायला लाज वाटते. नको करूस हवं तर. पण त्यांना फोन कर, दादा. तुझ्या हातांनी काहीही केलेलं नाही. वर्षभर ते उगाच माझी बोलणी खातायत.

तुझी,
चिंगी


मंगळवार, ११ मार्च

चिंगे,

पत्र वाचलं आणि आधी बाहेर पडून लांबवर चालून आलो, कारण समोर आई होती आणि मला ओरडायचं होतं. अजूनही ओरडायचंय. वर्षभर गं! वर्षभर मी मनातल्या मनात तो डबा बंद करतोय. कडं पुसतोय, उजेडात धरतोय, आणि कुठे चुकलो ते काही सापडत नाही. सापडणार कुठून, कपाळ!

पुडी राहिली म्हणून सांगितलं असतंस, तर मी परीक्षकांकडे जाऊन नंबर मागे ढकलून घेतला असता आणि तुला दिवसभर चिडवलं असतं. तेवढंच झालं असतं, वेडे.

माफीचं आत्ता विचारू नकोस, मलाच माहीत नाही. थोडे दिवस फोनही करणार नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही, ते तू सांग.

प्रयोगशाळेला फोन केला. बोलताना दोनदा नाक ओढलं, तिथल्या बाईंना वाटलं मला सर्दी झालीय. गुरुवारी या म्हणाल्या.

आणि डब्याचं काम सोडलंस ते मुकाट्याने परत घे. तो कशाने गळतो हे तुझ्याइतकं तिथे कुणालाच कळत नाही. स्पर्धेला मी येईन. तुझ्याशी बोलेनच असं नाही, पण येईन.

तुझा, भयंकर रागावलेला आणि काल वर्षाने पहिल्यांदा गाढ झोपलेला,
दादा