पत्ता बदलला आहे

सोमवार, २ ऑगस्ट १९९९

खोली मिळाली! अकरा घरमालकांनी 'एकटी मुलगी? नको बाई' म्हणून वाटेला लावलं आणि बाराव्या दारात अंबूबाई भेटल्या. जे. पी. नगर, सेकंड फेज. वरच्या मजल्यावर एक खोली, एवढंसं स्वयंपाकघर, बाहेरून वेगळा जिना आणि माझं स्वतंत्र दार. अंबूबाईंचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कानडी. पहिलंच वाक्य, "पाणी सकाळीच येते, अक्का, स्वल्प ॲडजस्ट करा." सत्तरीच्या बाई मला अक्का म्हणतात! पुण्यात मला आजवर कुणी एवढा मान दिलेला नाही.

इथे प्रत्येक फाटकावर दोन नंबर असतात, जुना आणि नवा. आमचा जुना ४१, नवा १७. फाटकाशी माझ्यापुरती एक पत्रपेटी आहे. तिच्यावर मी कागद चिकटवला, 'सुखदा', झोकदार अक्षरात. पुण्याच्या घरात पाटी बाबांची, पेटी बाबांची, फोनसुद्धा बाबांच्या नावावर. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर नोकरी कायम झाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळून परत. मी परत जाणार नाही. कागद लावल्यावर समोर उभी राहून पाच मिनिटं नुसती बघत राहिले.

बुधवार, ४ ऑगस्ट

ऑफिस कोरमंगलात, एका बेकरीच्या वर. दिवसभर बनपावाचा वास. आमची कंपनी इंटरनेटवरून वास्तुशांतीचं सामान विकते: समया, कलश, तोरणं आणि सगळ्यांत जास्त खपणाऱ्या पितळी पाट्या. नाव कळवायचं, ते कोरून पाटी घरपोच. साहेब पद्मनाभ. गोड माणूस. कशालाही 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', म्हणतात आणि काहीच करत नाहीत.

माझं काम न पोचलेल्या मालाच्या तक्रारी मिटवणं. ऑक्टोबरअखेर एकही जुनी तक्रार उघडी नसेल तर मला कायम करतील. एवढंच ना? चुटकीसरशी करीन.

मंगळवार, १७ ऑगस्ट

आज मराठी तक्रार आली म्हणून सगळ्यांनी ती माझ्या गळ्यात बांधली. गिऱ्हाईक: सत्यवती. आडनाव नाही. पत्ता: घर नंबर १४, शिवाजीनगरातली एक गल्ली. पुण्यातलं नव्हे, इथलं शिवाजीनगर. पाटीवर नुसतं 'सत्यवती' कोरून हवं होतं. माल गेला, कुरिअरच्या पावतीवर सही आहे, शेवटच्या 'ती'ची वेलांटी ओढत ओढत थेट कागदाच्या कडेपर्यंत नेलेली. तरी बाईंची ई-मेल, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'पाटी मिळाली नाही. पत्ता बदलला आहे.'

मी नम्रपणे विचारलं, नवीन पत्ता काय? उत्तर आलं, 'पत्ता बदलला आहे.'

अहो, पण कुठला?

बुधवार, १ सप्टेंबर

या बाई माझा जीव घेणार. नियमाप्रमाणे दुसरी पाटी पाठवावी लागली, आणि कॉम्प्युटर दरवेळी पहिल्या ऑर्डरचाच पत्ता उचलतो. पाटी पुन्हा शिवाजीनगरला. पुन्हा सही. पुन्हा वेलांटी. पुन्हा 'पत्ता बदलला आहे'. तिसरी पाटीही तशीच गेली. पद्मनाभांना सांगितलं, ते म्हणाले, "सरी." मी विचारलं, सरी म्हणजे काय करू? तर म्हणाले, "बघा काहीतरी."

संध्याकाळी बाईंची नवी मेल: 'नवीन पत्ता तुम्हीच द्या.' आता मात्र हद्द झाली. यांचं घर कुठे आहे ते मी सांगायचं! रागाच्या भरात टेबलावर हात आपटला, तर चहा कीबोर्डवर.

शनिवार, ११ सप्टेंबर

सुट्टी खर्ची घालून शिवाजीनगरला गेले. बसमधून उतरून, गल्ल्या पालथ्या घालून एकदाचं सापडलं. १३ नंबरला भगवंतराव नावाच्या वृद्ध शिंप्याचं दुकान, १५ ला चहाचं हॉटेल आणि मध्ये १४ नंबरला गाड्यांच्या स्पेअर पार्टचं वर्कशॉप. घर नाहीच! वर्कशॉपवाल्यांनी एकही पार्सल घेतलेलं नाही, पितळी पाटी वगैरे कधी पाहिलेली नाही.

भगवंतरावांनी स्टूल दिलं आणि मशीन न थांबवता सांगितलं. घर पाडून सात वर्षं झाली. मुलांनी परस्पर विकलं. सत्यवतीबाई हलायला तयार नव्हत्या. शेवटी त्यांना सामानासकट टेंपोत बसवलं. कुठे नेताय, हे त्या सारख्या विचारत होत्या, पण मुलांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "नव्या घरी पोचल्याच नाहीत, अक्का. वाटेतच गेल्या, टेंपोत बसल्या बसल्या." मशीन तेवढ्यापुरतं थांबलं.

म्हणजे मेलेल्या बाईच्या नावाने कुणीतरी आम्हाला छळतंय. चीड आली. नेमका तिथेच कुरिअरवाला भेटला. त्याला धरला, पार्सलं देतोस कुणाला? तर म्हणाला, हिरव्या दाराच्या आजींना. दोन्ही हातांनी घेतात, सही करतात आणि दर वेळी विचारतात, माझा नवीन पत्ता आला का? कुठलं हिरवं दार, दाखव म्हटलं, तर गोंधळून वर्कशॉपच्या शटरकडेच बघत राहिला. कामचुकार! पार्सलं कुठेतरी फेकतो आणि सह्या स्वतःच ठोकतो. भर गल्लीत त्याला फैलावर घेतलं.

बुधवार, २२ सप्टेंबर

कुरिअर कंपनी दाद देत नाही. बाईंच्या मेल रोज, कधी कधी दोन. आणि कॉम्प्युटरची अडवणूक अशी की 'नवीन पत्ता' ही चौकट भरल्याशिवाय तक्रार बंदच होत नाही. माझ्या बाकी सगळ्या तक्रारी मिटल्या. ही एक उरली. हिच्यापायी माझी नोकरी जाणार, खोली जाणार आणि दिवाळीत पुण्याला जाऊन बाबांचं 'मी म्हटलं नव्हतं?' ऐकावं लागणार.

पद्मनाभांनी हळूच युक्ती सांगितली. ऑफिसात सगळे करतात म्हणे. गिऱ्हाईक दाद देत नसेल तर चौकटीत आपल्याच घराचा पत्ता लिहायचा. पार्सल आपल्या घरी येतं, आपण सही करायची, तक्रार बंद, माल गुपचूप परत गोदामात. त्यांनी स्वतः अनेकदा केलंय.

हे महिनाभर आधी सांगायला काय झालं होतं?

गुरुवार, ३० सप्टेंबर

केलं एकदाचं. नाव सत्यवती, नवीन पत्ता: जुना नंबर ४१, नवा नंबर १७, जे. पी. नगर, सेकंड फेज. बटण दाबलं. एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. चौकट भरली की गिऱ्हाइकाला आपोआप मेल जाते: 'आपला पत्ता बदलण्यात आला आहे. नवीन पत्ता खालीलप्रमाणे.'

पाच मिनिटांत उत्तर आलं.

'मिळाला. येते.'

येते काय! आली तर आली. तोंडावर सुनावीन.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

पार्सल आज आलं. मी ऑफिसात असताना, सकाळी साडेअकराला. अंबूबाईंना घ्यायला सांगून ठेवलं होतं, पण त्यांनी घेतलं नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या आत्यांनीच घेतलं की, वरच्या खोलीतून खाली येऊन. किती सोज्वळ बाई. येणार म्हणून आधी बोलला नाहीत.

मला आत्या नाही.

खोलीला कुलूप जसंच्या तसं होतं. आत कुणी नाही. पावती पत्रपेटीत. वेलांटी कडेपर्यंत.

तक्रार बंद झाली. आनंद व्हायला हवा होता.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

दारावर पाटी बसली आहे. चार स्क्रू, घट्ट. नाण्याने, सुरीने, पक्कडीने प्रयत्न केला, एक फिरेल तर शपथ. दर वेळी माझा रागच मला नडतो म्हणतात बाबा — काय लिहितेय मी? बाबा असं काही म्हणत नाहीत. डोकं ठिकाणावर नाही.

अंबूबाईंना विचारलं, कोणी बसवली? आत्यांनी, स्वतःच्या हातांनी. शोभते म्हणाल्या.

शनिवार, ९ ऑक्टोबर

पत्रपेटीवरचा माझा कागद गेला. फाडलेला नाही. गोंदाचा डागसुद्धा नाही.

घरात शिरले तर स्टोव्ह गरम. गादी गुंडाळून कोपऱ्यात, मध्ये पाट मांडलेला. माझे कपडे दोन पिशव्यांत भरून जिन्यापाशी. नीट घड्या घालून. माणूस घरातून जाणार असलं की आपण भरतो तसे.

मोठमोठ्याने ओरडले. ही माझी खोली आहे. भाडं मी भरते. कुणी ऐकलं असेल तर —

भीती वाटते. लिहूनच टाकते. खूप भीती वाटते.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

किल्ली फिरत नाही. दाराला हिरवा रंग. ओला नाही. जुना, पोपडे आलेला, वर्षानुवर्षांचा.

अंबूबाई खालून आल्या. कोण हवंय, विचारलं. मला! मी म्हटलं, मी सुखदा. त्यांनी नम्रपणे मान हलवली, जशी अनोळखी माणसापुढे हलवतात. "इथे सत्यवतीअक्का राहतात. पहिल्यापासून. तुम्ही पत्ता चुकला, अम्मा."

परवापर्यंत अक्का होते. आज अम्मा, कुणी परकी बाई.

दाराआड कुणीतरी उभं होतं. बांगड्यांचा आवाज —

गुरुवार, १४ ऑक्टोबर

दोन रात्री ऑफिसातल्या पार्सलांच्या ढिगाजवळ काढल्या. सकाळी धावत कॉम्प्युटरपाशी. चौकट रिकामी करायची, बस. होत नाही. भरलेली चौकट रिकामी होत नाही.

मग माझं स्वतःचं पान उघडलं. कर्मचारी: सुखदा. पत्ता: घर नंबर १४, शिवाजीनगर.

मी लिहिलेलं नाही. मी नाही लिहिलं.

पद्मनाभ हसत आले. अभिनंदन, कायम झालात. पत्र कालच कुरिअरने घरी पाठवलं. कुठल्या घरी? त्यांनी बोट ठेवलं, चौदावर. मी रडायला लागले तर म्हणाले, "सरी, सरी, जाऊन घेऊन या."

एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला. बाबा चिडलेले. त्यांचं पत्र परत आलंय, वर शेरा, 'या नावाचं कुणी नाही'. खोली सोडलीस तर कळवायचं तरी, म्हणाले. नवीन पत्ता काय? मी म्हटलं —

काय म्हटलं आठवत नाही. फोन कट झाला.

शुक्रवार, १५

पत्र घ्यायला आले. तेवढ्यासाठीच. पत्र घ्यायचं आणि पुण्याची गाडी पकडायची. परत जायचं. हो, परत जाईन, बाबा.

१३ नंबर. भगवंतराव मशीनवर. हाक मारली, त्यांनी मान वर केली नाही. १५ नंबर. हॉटेल. मध्ये शटर नाही.

पायरी. हिरवं दार. उघडंच.

शनिवार? रविवार?

बाहेर पडता येतं. गल्लीच्या टोकापर्यंत. मग पुन्हा पायरी.

पत्र आतच होतं. माझं नाव. कायम केल्याचं. पावतीवर सही माझीच, 'सुखदा', शेवटचा काना खाली ओढत नेलेला. कागदाच्या कडेपर्यंत.

—

मेल कशा जातात कळलं. नुसतं मनात म्हणायचं. पत्ता बदलला आहे. पत्ता बदलला आहे. ऑफिसात कुणी वाचतंय की नाही? एक साधं काम होत नाही यांच्याकडून!

—

कुरिअरवाला आला होता. मला ओळखलं नाही. आजी म्हणाला. दोन्ही हातांनी घेतलं. विचारलं, माझा नवीन पत्ता आला का?

नाही म्हणाला. पण ऑफिसात माझ्या जागी नवी मुलगी आलीय म्हणे. नागपूरची. हुशार आहे, लगेच चिडते. तक्रार तिच्याकडेच दिलीय. तिला विचारतो म्हणाला.

खोली मिळालीय तिला. स्वतंत्र दार आहे. एकटीच राह —