तुझ्या फोटोला लावलेलं कुंकू

माय, तुझा फोटो मी बदलला. हे आधी सांगून टाकते, बाकीचं मागून. आडून आडून बोललेलं तुला कधी खपलं नाही, अन मला ते जमत नाही.

तू गेलीस तेव्हा गावात एकच फोन होता, तोही कुलपात. आता माझ्या मांडीवर पाटीएवढं एक यंत्र असतं, त्याला टॅब म्हणतात. नात लातूरला शिकायला गेली, तिथं तिला नवा घेऊन दिला, म्हणून जुना माझ्या गळ्यात पडला. मी म्हणाले, मला चौथीसुद्धा धड झाली नाही, हे घेऊन काय चाटू. ती म्हणाली, आजी तू नुसती बोल, ते लिहितं. खरंच लिहितं. माईकच्या चित्रावर बोट ठेवायचं अन बोलत सुटायचं. आपली बोली मात्र त्याच्या डोक्यात शिरत नाही, त्याच्यापुढं शाळेतल्या बाईसारखं तोंड करून आहे-नाही म्हणावं लागतं. म्हणून हे तुला जरा परकं वाटेल. चालवून घे.

नात सुट्टीला आली की एकेक युक्ती शिकवायची. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करून ठेवायचं, म्हणजे चष्मा शोधत घरभर फिरावं लागत नाही. गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक तारीख दिसली नाही तर तिचा फोटो काढायचा अन दोन बोटांनी ताणायचा, मुंगी म्हशीएवढी होते. डोळे दुखले तर बातमी त्यालाच वाचायला लावायची. चुकून भलत्याला काही गेलं तर त्यावर बोट दाबून धरायचं, त्याच्याकडूनही पुसता येतं, पण लवकर, दिवस उलटून गेले की नाही. मी हे सगळं शिकले अन शिकल्यावर मला गप्प बसवेना. नांदेडच्या आमच्या गल्लीत आता मीच मास्तरीण आहे. समोरच्या चाचीचा मुलगा दुबईला असतो, ती व्हिडिओ कॉलवर फोन कानाला लावून बोलायची. मी तिला म्हणाले, चाची, त्याला तुझं तोंड बघायचंय, कानातला मळ नाही. ती हसून हसून खाली बसली. मला लई बरं वाटलं. ज्या बाईला आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही तिच्या दारात लोक फोन घेऊन उभे राहायला लागले की डोकं जरा फिरतंच. तू असतीस तर जागच्या जागी उतरवलं असतंस.

तुझ्या धाकट्या लेकीच्या नातवाचं लग्न निघालं. ती अजून शिरूर अनंतपाळलाच आहे, गुडघे गेले, बाजेवर बसून सगळ्या घरावर हुकूम चालवते. आता पत्रिका म्हणजे तुझ्या वेळेसारखा हळदीची बोटं लावलेला कागद राहिला नाही. वरच्या अंगाला घरातल्या मेलेल्या माणसांचे फोटो छापतात, ओळीनं, जणू तेच पंगतीला बसणार आहेत. धाकटीच्या सासरचे सगळे त्या ओळीत होते. तिला एकच हौस, की माहेरचं एक तरी माणूस असावं. मी तुझा फोटो पाठवला. दोन दिवस तिकडून काही नाही. मग तिचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, पाऊस नाही, सोयाबीन पिवळं पडलं, मग म्हणाली, "पोरगं म्हणतंय, आजीचा फोटू नको. कपाळ मोकळं हाय, डोळा बी तसा. शुभ कामात लोक नावं ठेवतील. जाऊ दे आक्का, माझ्याकडचं कुणी न्हाई छापलं तर काय अडतंय."

काय अडतंय म्हणताना तिचा आवाज पोरीसारखा झाला होता. पाळण्यात होती तेव्हा बाप मेला, तू तिला वाढवलीस ती डोळे वटारून. लहानपणी ती मला विचारायची, माय माझ्यावर रागावली का? मी म्हणायचे नाही, तिचं तोंडच तसं आहे. म्हातारी झाली तरी तिच्या मनातून ते गेलेलं नाही, अन आता तुझा फोटोही तिच्या घरच्या कार्यातून काढून टाकला होता.

तो फोटो कसा निघाला ते मला आज झाल्यासारखं दिसतं. निराधारच्या पगारासाठी तहसीलला फोटो पाहिजे, म्हणून मी तुला कंधारला घेऊन आले आहे. एसटीतून उतरल्यापासून तू कुरकुर करतेस, की भूक पोटाला आहे, फोटो तोंडाचा कशाला. स्टुडिओत मागं धबधब्याचा पडदा आहे. फोटोवाला तुला स्टुलावर बसवतो, हनुवटी वर करा म्हणतो, पदर जरा मागं घ्या म्हणतो. तू पदराला हात लावत नाहीस. मावशी, थोडं हसा की, तो म्हणतो. तू त्याला म्हणतेस, "हसून दाखवलं तर सरकार पगार देईल व्हय? म्हणंल, बाई मजेत हाय." मी तोंडात पदर कोंबून हसते अन तू समोर बघतेस, दगड मारायच्या आधी बघावं तशी. तेवढ्यात उजेड पडतो. ओठ दाबलेले, कपाळ कोरं, डावी पापणी अर्ध्या डोळ्यावर लोंबलेली. कागदाचा फोटो पुढं वाळवीनं खाल्ला. नातीनं त्याआधी टॅबमध्ये उतरवून घेतला होता म्हणून तू राहिलीस.

त्या पापणीचं गावाला तू सांगितलंस की बैलाचं शिंग लागलं. धाकटीलाही तेच सांगितलंस. मी मात्र चुलीपुढं होते. भाकरीला उशीर झाला एवढंच कारण. बापानं फुंकणी उचलली अन मारली, मग बाहेर जाऊन हात धुतले. तू ओरडली नाहीस. एका हातानं डोळ्यावर पदर दाबून धरलास अन उरलेलं पीठ दुसऱ्या हातानं थापून संपवलंस. त्या भाकरी वेड्यावाकड्या झाल्या होत्या. रात्री मला म्हणालीस, धाकटीला हे कळू द्यायचं नाही, तिला बाप असू दे. मी आजवर पाळलं.

अन बाप गेल्यावर, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले. नवी नवी शहाणी. तुझं मोकळं कपाळ मला बघवेना. दुपारी तू भिंतीला टेकून बसलेली असताना मी टिकलीचं पाकीट काढलं अन म्हणाले, काळी लावते, कोण बघतंय. तू माझं मनगट धरलंस, असं की बांगडी रुतली. "त्याच्या नावाचं लई दिवस वागवलं," म्हणालीस. "आता हे कपाळ माझं हाय. त्याला हात लावायचा न्हाई." मला वाटायचं बाई विधवा झाली की तिचं काहीतरी जातं. तुझं काहीतरी परत आलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

एवढं सगळं ठाऊक असून मी ते केलं, माय.

एक ॲप आहे, जुने फोटो नवे करून देतं. नातीनं गंमत म्हणून टॅबमध्ये टाकून ठेवलं होतं. त्यात तुला घातलं. एक बटण दाबलं, डाग गेले. दुसरं दाबलं, सुरकुत्या गेल्या, उन्हातान्हात राबलेलं सगळं कातडं साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं. तिसरं दाबलं तर डोळा उघडला. यंत्राला वाटलं असेल कॅमेऱ्याची चूक आहे. बापानं फुंकणीनं केलेलं मी एका बोटानं पुसलं, अन तेव्हा मी खूश झाले, हे सांगितलंच पाहिजे. मग हसू. ते किती पाहिजे हे ठरवायला खाली एक रेघ असते, तिच्यावरची गोळी सरकवायची. थोडी सरकवली तर तू कुणाला तरी फसवून आल्यासारखी दिसलीस. फार सरकवली तर दोन्ही ओळी भरून दात दिसले, जे त्या वेळी तुझ्या तोंडात नव्हते. मधे कुठंतरी थांबवली. शेवटी लाल रंग निवडला. त्याला काडी लागत नाही, कुंकू यंत्रातही बोटानंच लावावं लागतं. माझं बोट तुझ्या कपाळावर टेकलं तेव्हा मनगट धरायला कुणी नव्हतं. आधी पाठवलेला माझ्याकडून काढून टाकला, हा जुन्याच्याच जागी ठेवला अन धाकटीला पाठवून दिला.

पाठवल्यावर स्वयंपाकघरात गेले, डाळ लावली अन मला करमेना. परत येऊन बघितलं तर तुझी बहीण असावी तशी एक खाऊनपिऊन सुखी बाई. म्हटलं, पुसावं. अजून वेळ होता. बोट दाबून धरलं, पुसायचं का असं यंत्रानं विचारलंसुद्धा, अन तेवढ्यात धाकटीचा फोन आला. ती रडत होती. मला वाटलं ओळखलं हिनं.

"आक्का, माय हसली की गं," ती म्हणाली. "मला तर ती हसलेली आठवतच न्हाई. कधीचा हाय हा?"

"कंधारचाच," मी म्हणाले. "हा दुसरा. त्या दिवशी लई खुशीत होती."

"डोळा बी चांगला दिसायलाय."

मी म्हणाले, फोटोवाल्यानं उजेड नीट लावला होता. जीभ अडखळली नाही. कुंकवाचं तिनं विचारलं, तेवढं खरं सांगितलं, की पत्रिकेसाठी मी लावलं. ती म्हणाली बरं केलंस, आता पोरगं काही बोलायचं नाही. "अन खाली दादांचं नाव छापते. त्यांचा फोटू न्हाई ना आपल्याकडं. तेवढंच माय-बाप संगं राहतील."

तिथं मला बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, बैल नव्हता एवढंच. मी बाजेवरच्या त्या म्हातारीचा आवाज ऐकला, लेकरासारखा उजळलेला, अन म्हणाले, छाप. दुसरा दिवसही गेला, तिसराही, अन मग पुसायची सोय गेली.

पत्रिका आल्या. गुलाबी, सोनेरी कड. वरच्या ओळीत तू, खाली त्याचं नाव. चाचीनं हातात घेतली, निरखून बघितली अन म्हणाली, तुमारी अम्मा कित्ते खूबसूरत थे. मी तिच्याच बोलीत म्हणाले, हाव. लग्नात हॉलच्या दारात तू माणसाएवढी फ्लेक्सवर होतीस, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत. गावाकडची एक म्हातारी थांबली, तुझ्यासोबत शेतात निंदायला जायची ती. लई वेळ बघत राहिली, मग माझ्याकडं बघितलं अन आत जेवायला गेली. पंगतीत मी ताटातला भात नुसता कालवत बसले. नवरीकडच्यांनी विचारलं, मावशी, तिखट झालं का.

परवा नात आली. तिला मी सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हणाले की तुझ्या पणजीचा खरा फोटो माझ्या हातून गेला. ती हसली. आजी, खरा कुठं जात नाही, म्हणाली, खाली बटण आहे, मूळ फोटो परत आणा, असं लिहिलेलं. मी तिच्यावर ओरडले, की हे आधी का नाही शिकवलंस. ती म्हणाली शिकवलं होतं, तेव्हा तू चाचीच्या फोटोला कुत्र्याचे कान लावत होतीस. तिला चहा ठेवायला पाठवलं अन एकटीनं बटण दाबलं. डोळा पडला. हसू गेलं. कुंकू गेलं. तू आलीस, अन मी आधी दचकले, की ही बाई एवढी रागात का बघते. मग ओळखलं.

धाकटीला अजून सांगितलेलं नाही. तिनं तुझी फ्रेम उशाशी ठेवली आहे, सकाळी उठून तुझ्याशी बोलते म्हणे. तिला सांगू तर तिची माय जाते, अन बापही जातो. न सांगू तर तू जातेस. तू मला एकच गोष्ट, धाकटीचा बाप, सांभाळायला दिली होतीस की दोन, तुझं कपाळही, हे आता कुणाला विचारू? मला यातली कोणतीच युक्ती येत नाही, अन गल्लीतली कुणी बाई यावर मला शिकवायची नाही.

तुझा खरा फोटो आता माझ्या टॅबमध्ये परत आहे, जसा होता तसा. तो हसरा धाकटीला पाठवलेल्यात राहिलाय, तोही मी काढून टाकला नाही. अन खरं सांगायचं तर, काल नात परत गेल्यावर आंघोळीला गेले अन पाठीत अशी कळ आली की मला उठवेना. कशीबशी बाहेर आले, घरात कुणी नव्हतं, कुणाला तरी सांगावंसं वाटलं. टॅब घेतला अन माय म्हणून त्या हसरीला उघडलं. तुला नाही.