वीस वजा आठ अधिक पाच

आई, आज वर्गात मी एका मुलीवर ओरडले आणि ओरडून झाल्यावर लक्षात आलं की सूर तुझा होता. पाचवीचा वर्ग आहे, पुणतांब्याजवळच्या वस्तीवरची शाळा. फळ्यावर २० − ८ + ५ लिहिलं होतं. सगळ्यांचं उत्तर सतरा आलं, हिचं सात. कसं काय म्हणून विचारलं तर म्हणाली, कंचेभागुबेव, म्हणजे बेरीज आधी आणि वजाबाकी नंतर, पप्पांनी घरी शिकवलंय. मी म्हणाले, "घरचं घरी. इथं मी सांगते ते." तिचे डोळे भरले. तिला समजावून सांगायचं सोडून मी पुढचं उदाहरण घातलं. आता शाळा सुटली आहे, पोरं गेली आहेत, आणि मी रोजच्या पाठांच्या टाचणवहीच्या मागच्या पानावर तुला लिहिते आहे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली.

ही गोष्ट मी चौथीत असतानाची. अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्याही पलीकडे, आपली दोन खोल्यांची शाळा. एका खोलीत गुरुजींची पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तुझी तिसरी-चौथी. घरी तू आई, आणि शाळेच्या पायऱ्या चढल्या की बाई, तुम्ही. हे तूच ठरवलं होतंस, म्हणजे कुणी म्हणायला नको की बाईंची पोरगी वेगळी. तुझा हिशेब इतका कडक की मला पाण्याला जायचं असलं तरी तू आधी बाकीच्यांना सोडायचीस. शिष्यवृत्तीची तयारी चालू होती. तू फळ्यावर कंचेभागुबेव लिहिलंस, एकेका अक्षराखाली कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, आणि आम्ही सगळे ते एका सुरात म्हणत होतो. मग तू हेच उदाहरण घातलंस, वीस वजा आठ अधिक पाच. मी सतरा म्हटलं. तू म्हणालीस, बेरीज आधी, आठ नि पाच तेरा, विसातून तेरा गेले, सात. मी उभीच राहिले. म्हटलं, जीपमध्ये वीस माणसं बसली, फाट्यावर आठ उतरली, पाच चढली, तर सतराच होतात की. पोरं हसली. तू शांतपणे म्हणालीस, "जीपचं जीपपाशी ठेव. वर्गात नियम चालतो." आणि मला दारापाशी उभं केलंस. सुट्टीची घंटा होईपर्यंत मी समोरच्या खाचरातली पिवळी पडत चाललेली भातं बघत होते. घरी आल्यावर तू नेहमीसारखी भाकरी वाढलीस. मी ती तुझ्याकडं पाठ करून खाल्ली.

दिवाळीनंतर तुला तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. दोन दिवसांनी आलीस ती चप्पलही न काढता ओट्यावर बसून राहिलीस. दुसऱ्या दिवशी वर्गात खडू घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी तुम्हाला एक चुकीचं शिकवलं. चूक माझी आहे. वह्या काढा." कंचेभागुबेव लिहून तू भागु भोवती एक चौकट काढलीस, बेव भोवती दुसरी. एका चौकटीतल्या दोघांचा मान सारखा, डावीकडून जो आधी येईल त्याला आधी घ्यायचं. बाकी सगळ्यांनी सात खोडून सतरा लिहिलं. माझ्या वहीत आधीपासून सतराच होतं, त्यावर तुझी लाल फुली होती. तू बाकांमधून फिरत माझ्यापाशी आलीस, वही बघितलीस आणि पुढं गेलीस.

एवढ्यावर दुसरी कुणी थांबली असती. तू जनरल रजिस्टर काढून अकरा वर्षांत तुझ्या हाताखालून गेलेल्या पोरांची यादी केलीस आणि दर रविवारी वाड्या-वस्त्या फिरायला लागलीस. मला बरोबर न्यायचीस. भाताची सोंगणी चालू होती. तू बांधावर बसून पाटीवर उदाहरण मांडायचीस आणि विळा हातात घेतलेली ती मोठी झालेली पोरं खाली वाकून बघायची. एकीचं तर लग्न झालेलं, कडेवर लेकरू. ती हसत म्हणाली, "बाई, मला आता काय करायचं हाय त्याचं? मी काय परीक्षा देनार न्हाई." तू म्हणालीस, "तुला नसंल लागत. पण ही उद्या शाळेत जाईल तेव्हा तिला सात सांगू नकोस." ती हसायची थांबली. विळा खाली ठेवला आणि तुझ्यासमोर मांडी घालून बसली. जी पोरं नगरला कारखान्यांत कामाला गेली होती, त्यांना तू कार्डं टाकलीस. कार्डावर बाकी काही नाही, नुसतं उदाहरण, बरोबर उत्तर आणि खाली तुझी सही. एकाचं उलट कार्ड आलं होतं, "बाई समजलं, तब्येतीला जपा." ते तू बरीच वर्षं पोथीत ठेवलं होतंस.

आजच्या त्या मुलीच्या वडिलांनाही अशीच कुणीतरी बाई भेटली असणार, फक्त तिला कुणी प्रशिक्षणाला बोलावलं नसेल. उद्या शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी जाणार आहे. आधी मुलीशी बोलेन, मग वडिलांशी. तिच्याशी काय बोलायचं ते अजून जुळत नाही. हे पान मात्र वहीतून फाडावं लागेल, कारण सोमवारी टाचण मुख्याध्यापकांच्या सहीला जातं.

फाडण्याआधी एक सांगते. ही हकीकत मी खूप जणांना सांगितली आहे. बरोबरच्या बायांना, नवऱ्याला, एकदा तर प्रशिक्षणात पन्नास शिक्षकांपुढं. दर वेळी शेवट असा करते की माझ्या आईने सगळ्या खोऱ्याजवळ चूक कबूल केली, फक्त माझ्याजवळ नाही. लोक हळहळतात. मला ते आवडतं. पण तसं झालं नव्हतं. शेवटच्या रविवारी परत येताना तू बांधावर थांबलीस, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "त्या दिवशी वर्गात तू..." पुढचं मला कळलं होतं. मी म्हटलं, "बाई, मला भूक लागलीय," आणि खांदा सोडवून पुढं चालायला लागले. तू पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. रविवार होता, शाळा नव्हती, आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी मी तुला बाई म्हटलं. ते मी मुद्दाम म्हटलं होतं.