तापमान भरलेलं नाही

३ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं आणि राग आवरायचा. हिवाळ्यात गार पाण्यात पोहणाऱ्या आमच्या गारपोहणी क्लबची वेबसाइट मी फुकट बांधून दिली, पीएचपी या संगणकी भाषेत, एकट्याने. त्यावर अध्यक्षा बोडिल काय म्हणाली? अक्षरं बारीक आहेत. मार्चमध्ये निवडणूक आहे. या वेळी मी उभा राहणार आणि तिला घरी बसवणार.

११ जानेवारी
रोज सकाळी फिओर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, पाण्याचं तापमान मोजून आकडा साइटवर टाकणं हे बोडिलचं काम. आज साइटवर लाल अक्षरांत: 'तापमान भरलेलं नाही'. रकाना रिकामा दिसला की माझ्या कोडमधली तपासणी लगेच पकडते. एका ओळीचं काम! पण गाढवाला गुळाची चव काय.

१२ जानेवारी
आजही लाल. फोन केला. म्हणते, भरलंय की रे, शून्य अंश. मी म्हटलं, शून्य भरलं म्हणजे काय भरलं? शून्य क्रोनर असलेला खिसा रिकामाच ना? तर म्हणते, आयनर, तू ये आणि पाण्यात पाय घालून बघ, रिकामं आहे का. उद्धट बाई.

१५ जानेवारी
सर्व सभासदांना मेल पाठवला: अध्यक्षाबाई झोपा काढतात, पुरावा साइटवर. छान उतरलाय. दोनदा वाचला.

१६ जानेवारी, संध्याकाळ
क्लबच्या सौनात, वाफेच्या गरम खोलीत, शिरलो. वरच्या बाकावर कोणी सरकेना. क्लबातला क्नुद म्हणाला, बोडिल रोज अंधारात धक्क्यावर ओणवी होऊन पाणी मोजते, आम्ही बघतो. तू तर ऑक्टोबरपासून पाण्यात उतरलेला नाहीस. माझं मत: बर्फात पोहून यांचे मेंदू गोठलेत.
घरी युट्टे म्हणाली, एकदा तुझी ती ओळ तपास ना. बायको असून असं बोलते. घर फिरलं की वासेही फिरतात.

१९ जानेवारी
बोडिलने आज नुसत्या ० ऐवजी आकडा ०.० असा लिहिला. लगेच दिसला! बघा, मेलचा धाक.

८ मार्च
उद्या मतदान. साइटवरच, गुप्त. मोजणीचं पान माझ्याच हातचं, त्यातही तीच तपासणी. उमेदवारांना मत नाही, म्हणून युट्टेला विचारलं, तुझं मत कुणाला? म्हणाली, गुप्त असतं ना. हसली. म्हणजे मलाच.

९ मार्च
सभेत निकाल पडद्यावर लावला. बोडिल: एकसष्ट. माझ्या नावासमोर लाल अक्षरांत: 'मतं भरलेली नाहीत'. ताबडतोब आक्षेप घेतला. मोजणी अपुरी आहे, माझी मतं यायची आहेत. क्नुद म्हणाला, कुठून, समुद्रापलीकडच्या नॉर्वेहून? सगळे हसले आणि कॉफीकडे वळले. बोडिल तेवढी थांबली. म्हणाली, घरी जाऊन शांतपणे तपास, आयनर, मला घाई नाही. तिची ती दया मला सहन होत नाही.

१० मार्च, सकाळ
तिला तोंडघशी पाडायचं म्हणून ओळ बदलली. रकान्यात शून्य असेल तर शून्यच दाखव, असं सांगितलं. लाल अक्षरं गेली. माझ्या नावासमोर शून्य.
म्हणजे युट्टेनेसुद्धा.
ती कॉफी ठेवून गेली. पडद्याकडे बघितलंही नाही.

१० मार्च, दुपार
ओळ पुन्हा होती तशी केली. मोजणी अजून पूर्ण झालेली नाही.