मानेचा पट्टा काढवेना

३ जानेवारी १९९५, कुंडल
पुन्हा मान! मालीशवाल्या दगडाबाईनं तेल लावून चोळली, दोन दिवस बरं वाटलं. ह्यांनी पलटणीतून आणलेलं मलम संपलं. गोळ्यांनी पित्त उसळलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "सांगलीला दाखवून ये जा. पर दिस मावळायच्या आत घरी."

५ जानेवारी
डॉक्टरीणबाई अजबच! मान दाबली, फोटो पाहिला आणि विचारलं, "घरात कुणाचा धाक वाटतो का?" मानेच्या डॉक्टरला कशाला ह्या चौकशा? मी 'नाही' म्हणाले.
पण एसटीत तेच डोक्यात. एवढे हिसके बसले, तरी मान गप्प! कुंडलला उतरून पदर पुढं ओढला आणि लागली ठणकायला. असं कसं?
पट्टा दिलाय. दहा दिवसच घालायचा, मग नुसता व्यायाम.

९ जानेवारी
दुखणं निम्मं. गंमत म्हणजे पट्ट्यामुळं मान खाली जातच नाही. मामंजींना चहा देताना समोर बघावं लागलं. त्यांच्या हनुवटीवर तीळ आहे — लग्नाला सहा वर्षं झाली, आज दिसला!

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घेऊन लीलाबाईंकडे. ह्या सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या पायावर डोकं टेकायचं आणि त्या 'ऊठ' म्हणेपर्यंत उठायचं नाही, ही आमच्या भावकीची रीत. मी उभीच!
"लय ताठा आला व्हय गं?"
मी पट्ट्याकडं बोट दाखवलं. सुटले! आतून हसू फुटत होतं.
मग सासूबाई वाकल्या. लीलाबाई शेजारणीशी बोलतच राहिल्या. सासूबाई तशाच, ओणव्या. माझं हसू कुठल्या कुठं गेलं.

२० जानेवारी
मान बरी आहे. मुदत संपली, तरी पट्टा घालतेच! दुखेल म्हणून, की वाकावं लागेल म्हणून? आज दार लावून काढून बघितला. काही नाही. एवढ्यात ओसरीवर लीलाबाईंचा आवाज — आणि मान अशी आखडली! म्हणजे डॉक्टरीणबाई उगीच विचारत नव्हत्या.
उद्या सांगलीला जाऊन खरं सांगणार. पट्टाही कायमचा काढणार. भीती वाटते, पण सांगणार.

२१ जानेवारी
पट्टा पिशवीत भरत होते. सासूबाई दारात उभ्या.
"तुला नगं असंल तर मला दे. लीलाबाईकडं हळदीकुकू हाय."
"आत्याबाई, तुमची पण मान दुखती?"
सासूबाईंनी आधी मागं वळून बघितलं, मग हळूच म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं."