मडिकेरीनंतर सगळा उतारच

१ सप्टेंबर २०१९, रविवार. गौरी.

मैसूरातच, नजरबादला सासुरवाडीत जेवण. पुरणाची होळगी उत्तम. बाकी सगळं वाईट.

जेवण झाल्यावर मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फत्तेसिंगरावांनी जाहीर केलं की खांदा धरलाय, यंदा आयुधपूजेचा कोहळा त्यांच्याच्यानं कापवणार नाही. घरची तलवार त्यांच्या पणजोबांनी मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात मिरवलेली. वर्षातून एकदा ती बाहेर निघते. दारात कुंकू भरलेला कोहळा तिनं कापायचा, मग ती पूजेला ठेवायची. मामांना मुलगा नाही. दोन मुली, दोन जावई. मोठा मी.

सगळे माझ्याकडे बघतील म्हणून मी मान ताठ केली. मामा इंद्रजितकडे बघत होते. म्हणाले, "बाळा, ते मंगळूरला गेलास ते सांग की पुन्हा. घाट कसा काय उतरलास रे?"

इंद्रजित माझा साडू, गोदाचा नवरा. पुण्याचा. इथं सॉफ्टवेअर कंपनीत. गेल्या थंडीत सायकलवरून मैसूर ते मंगळूर गेला, कोडगूचे डोंगर ओलांडून थेट समुद्रापर्यंत. येताना मामांना एक शिंपला आणला. तो शिंपला आता शोकेसमध्ये आहे. तिथं आधी माझ्या लग्नाचा फोटो होता. फोटो फ्रिजवर गेला.

त्याला 'बाळा'. मला 'गंगाधरराव, तुम्ही'. पंचवीस वर्षं झाली, अजून 'तुम्ही'.

मला जळजळ झाली. होळगीची नव्हे.

३ सप्टेंबर

निश्चय. मीही सायकलवरून मंगळूरला जाणार, आणि आयुधपूजेच्या आत परत येणार. इंद्रजित येताना बसनं आला होता, मी दोन्ही बाजूंनी सायकलवर. म्हणजे दुप्पट. तलवार कुणाच्या हातात द्यायची हे मग मामांना सांगावं लागणार नाही.

दुसरा निश्चय: रोजनिशी शुद्ध मराठीत. माझी बायको वनजा म्हणते इंद्रजित बोलतो ते रेडिओसारखं वाटतं. माझं मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, कारण दर चौथा शब्द कन्नड. इथून पुढे एकही नाही.

चिरंजीव हॉस्टेलला गेल्यापासून त्याची गिअरची सायकल पॅसेजमध्ये पडून आहे. सुम्ने, म्हणजे उगीच. (हा शेवटचा.)

८ सप्टेंबर, पहाटे

चामुंडी बेट्टावर सराव. बेट्ट म्हणजे डोंगर. आज चढलो नाही. पहिल्या दिवशी चढाचा पायथ्यापासून अभ्यास करणं शास्त्रीय. अभ्यास झाल्यावर मसाला डोसा.

१२ सप्टेंबर

फेसबुकवर इंद्रजितच्या मंगळूर प्रवासाची ती जुनी पोस्ट शोधून काढली. पहिला फोटो: मडिकेरी, ढग, सायकल आणि त्याचे दात. खाली भलंमोठं लिहिलेलं. वाचवेना. लाइक करणाऱ्यांत वनजा. बदामसुद्धा टाकलाय! माझ्या निवृत्तिवेतनावरच्या भाषणाच्या फोटोला तिनं नुसता अंगठा दिला होता.

फोन बंद करून झोपलो. झोप आली नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

हुणसूर रस्त्यानं येलवाळपर्यंत जाऊन आलो. गुडघा बोलायला लागलाय, पण त्याचं ऐकायचं नाही असं ठरवलंय.

परत येताना मागून इंद्रजित आला. पुढे निघून गेला असता तर मी समजू शकलो असतो. पण त्यानं वेग कमी केला, माझ्या बरोबरीनं आला आणि गप्पा मारल्या! म्हणाला, "दादा, सीट दोन बोटं वर घ्या, गुडघ्याला बरं पडेल." मी म्हणालो, मला अशीच आवडते. घरी आल्यावर सीट वर घेतली. बरं पडलं. अधिकच राग आला.

२२ सप्टेंबर

इंद्रजितला कुणीतरी सांगितलं. (वनजा.) घरी आला. म्हणाला, दादा मीही येतो, दोघं असलं की बरं, संपाजेच्या घाटात रस्ता खराब आहे. नको म्हणालो. त्याला बरोबर नेलं तर मी गेलो असं कोण म्हणेल? तोच मला घेऊन गेला म्हणतील.

जाताना पंक्चरचं किट आणि छोटा पंप ठेवून गेला. असल्या माणसाशी भांडणं फार अवघड.

२९ सप्टेंबर. नवरात्र बसलं.

वनजानं गोंबे मांडले. पायऱ्यांवरच्या बाहुल्यांत यंदा एक प्लास्टिकचा सायकलस्वार. गोदानं दिलेला. मी तो हत्तीच्या मागे सरकवला.

वनजा म्हणाली, "अहो, या वयात हे कशाला? घरी बसा की सुम्ने. मी अप्पांशी बोलले कोहळ्याचं. ते काय म्हणाले ठाऊक आहे काय?" मी तिला तिथंच थांबवलं. वशिल्यानं मिळालेली तलवार मला नको. तिला म्हणालो, मामा काय म्हणाले ते मी परत आल्यावर सांग. ती म्हणाली, "आयतु, तुमची मर्जी."

बायकोचा धाक असावा, पण सल्ला ऐकू नये.

४ ऑक्टोबर, रात्री. हुणसूर, लॉज.

निघालो! शेजारचे जयतीर्थ आचार गेटापर्यंत आले. विचारलं, कुठवर? मी नुसतं म्हणालो, समुद्र. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचा फोटो काढायला हवा होता.

बिळिकेरेपर्यंत मी वाऱ्यासारखा होतो. पुढे वाराच समोरून आला. वाटेत एक शहाळं, मग अजून एक, मग एका झाडाखाली थोडं चिंतन. तंबाखूच्या शेतातल्या बायका हसल्या. काय बोलल्या ते कन्नडात होतं, म्हणून इथं लिहीत नाही.

इंद्रजित पहिल्या दिवशी मडिकेरीला मुक्कामाला होता. पण त्याचं वय काय, माझं काय! वयाच्या हिशेबानं हुणसूर म्हणजे मडिकेरीच.

५ ऑक्टोबर. कुशालनगर.

दुपारी बैलकुप्पेला पोचलो. तिबेटी मठात सोन्याचे मोठे बुद्ध, बाहेर हिरवळ. पाच मिनिटं पडतो म्हणून पडलो. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि एक लामा माझ्या सायकलचं गिअर फिरवून बघत होता. त्यानं विचारलं, मोटर कुठंय? मी पायाकडे बोट दाखवलं. तो इतका हसला की मलाही हसावं लागलं.

गरम सूप-शेवया खाल्ल्या. नंतर कुशालनगरपर्यंत गुडघ्यानं तोंड उघडलं नाही. बहुतेक त्यानं आता बोलणंच टाकलंय.

इंद्रजितचा मेसेज: "दादा, कुठे पोचलात? काही लागलं तर मी गाडी घेऊन येतो." उत्तर दिलं नाही. गाडी घेऊन येतो म्हणे! वाट बघत बसलाय माझ्या पडण्याची.

६ ऑक्टोबर, सकाळ

सुंटिकोप्पाच्या पुढे चढ. कॉफीचे मळे, सावली, धुकं, सगळं छान. सायकल ढकलत आहे. ढकलणं हाही सायकलिंगचाच भाग, किंबहुना त्यात सायकलशी नातं जास्त जवळचं.

६ ऑक्टोबर, रात्री. मडिकेरी.

शेवटचा टप्पा आल्याच्या पोत्यांच्या पिकअपमधून केला. रस्ता सुरक्षित आहे की नाही याची उंचावरून पाहणी करण्यासाठी.

राजा सीटला, कड्यावरच्या बागेत, उभा राहिलो. पश्चिमेकडे डोंगरांच्या रांगा, पलीकडे धुकं, त्याच्या पलीकडे समुद्र. एका फुगेवाल्यानं बोट करून सांगितलं, मंगळूर तिकडं.

तिथंच बसून शांतपणे विचार केला. मैसूर ते मडिकेरी चढ. मडिकेरीपासून मंगळूरपर्यंत सगळा उतारच. उतार काय, नुसतं बसून राहिलं तरी सायकल जाते. म्हणजे त्यात माझं कर्तृत्व काही नाही. म्हणजे कर्तृत्वाचा भाग संपलेला आहे. तत्त्वतः मी मंगळूरला पोचलो आहे.

घरच्या ग्रुपवर टाकलं: "मंगळूर झालं. परतीच्या वाटेवर." मग फोन बंद केला. उद्या बसमध्ये असताना कुणाचा फोन आला तर त्याला हॉर्न ऐकू जायला नको.

इंद्रजितचा चेहरा डोळ्यांसमोर आणत झोपतो. आज झोप लागेल.

७ ऑक्टोबर, सोमवार. आयुधपूजा. बसमध्ये.

अक्षर हलतंय.

सकाळी स्टँडवर बसला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. सायकल टपावर चढवली. कंडक्टर भाविक निघाला. बसची पूजा आटोपून तो माझ्या सायकलपर्यंत वर चढला, हँडलला विभूतीचे तीन पट्टे ओढले, कुंकू लावलं, झेंडूची भलीमोठी माळ घातली. म्हणाला, "तीही गाडीच की सार."

मी ओशाळलो, पण मनात म्हटलं, उत्तम! माळ घातलेली सायकल घेऊन दारात उतरायचं. हुणसूरच्या लोकांनी सत्कार केला म्हणेन. इंद्रजितला कधी माळ पडली का?

येलवाळला उतरतोय. थेट मैसूर स्टँडवर उतरलो तर कुणीतरी बघेल. येलवाळहून नजरबादपर्यंत सायकलवर. वेळेत पोचायला हरकत नाही.

७ ऑक्टोबर, संध्याकाळ

येलवाळपासून लागायचा तेवढा वेळ लागला नाही. त्याहून जास्त लागला. दसऱ्याची गर्दी, हत्ती बघायला आलेली माणसं, आणि माळ सारखी साखळीत अडकत होती.

दारात पोचलो तेव्हा कोहळा दोन तुकडे होऊन पडला होता. आतलं कुंकू पायरीवर पसरलेलं. आत तलवार पाटावर, फुलं वाहिलेली.

मामा बाहेर आले. माझ्याकडे बघितलं नाही, सायकलकडे बघितलं. विभूती, कुंकू, माळ.

म्हणाले, "पूजा कधी केलात, गंगाधरराव?"

म्हणालो, सकाळी, हुणसूरला, लोकांनी सत्कार म्हणून.

"मग पूजा झालेली गाडी चालवून आलात?"

या घरात पूजेला ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशी बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाला जाऊन येईपर्यंत हात लावत नाहीत. वनजा त्या दिवशी कात्रीसुद्धा उचलत नाही. मी पंचवीस वर्षं जावई आहे, मला पाठ आहे हे. हो म्हणालो तर मामांच्या आयुधपूजेचा अपमान. नाही म्हणालो तर बसचं उघड.

सगळे बघत होते. म्हणालो, "नाही मामा. बसच्या टपावरून आणली."

येलवाळपासून चालवली हे सांगितलं नाही. म्हणजे खोटं आणि पाप दोन्ही माझ्याच नावावर जमा.

मामा म्हणाले, "आणि मंगळूर?"

सांगितलं. मडिकेरी, फुगेवाला, धुकं, सगळं. उताराचं तत्त्वही सांगितलं. कुणी ते मानलं असं वाटलं नाही.

एवढ्यात इंद्रजित पुढे आला आणि माझ्या हातातून सायकल घेऊन भिंतीला लावली. म्हणाला, "दादा, त्यात काय! मीही कुशालनगरहून मडिकेरीपर्यंत जीपमध्ये टाकली होती. लिहिलं होतं की पोस्टमध्ये. मामांनाही सांगितलंय." मामांनी मान हलवली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक. पोस्ट शेवटपर्यंत न वाचणारा जगात मी एकटाच.

काल रात्री मंगळूर आणि आज सकाळी हुणसूर, हे सायकलवर कसं शक्य आहे, हा हिशेब इंद्रजितनं नक्की आधीच केला असणार. बोलला नाही. त्याचा हा चांगुलपणा मला अजिबात सहन होत नाही.

८ ऑक्टोबर. विजयादशमी.

सगळे बन्नीला गेले. गुडघा म्हणाला राहू दे. मी आणि वनजा घरी.

तिला विचारलं, मामा तेव्हा काय म्हणाले होते? तुला थांबवलं होतं ते.

म्हणाली, "काय म्हणायचे? मोठा जावई असताना धाकट्याचा प्रश्नच कुठं, असं म्हणाले. गौरीच्या दिवसापासून तेच म्हणतात. इंद्रजितला सुम्ने गोष्ट सांग म्हणाले होते, अप्पांना घाटाच्या गोष्टी आवडतात."

काल मुहूर्त टळेपर्यंत मामा दारात उभे होते म्हणे. दोनदा गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. माझा फोन बंद. इंद्रजितच म्हणत होता अजून थोडं थांबू या. शेवटी मामांनी तलवार त्याच्या हातात दिली.

कोहळा मामांनी स्वतः देवराज मार्केटातून आणला होता. वनजा बरोबर होती. दुकानदार मोठे मोठे पुढे करत होता, मामा एकेक हातात तोलून बाजूला ठेवत होते. शेवटी एक लहानसा घेतला. म्हणाले, गंगाधररावांनी कधी तलवार धरलेली नाही, चारचौघांत एका घावात झाला पाहिजे.

झाला म्हणे एका घावात. कालपासून जो तो इंद्रजितचं कौतुक करतोय.

लहानच होता तो कोहळा.